दाभोळच्या खाडीत पाणी किती?

दाभोळच्या जेटीवरून पाहिले तर खाडीचे पाणी सगळीकडे सारखेच दिसते. समोर धोपावे, उजव्या हाताला अंजनवेलच्या डोंगरावरचा गोपाळगड आणि मध्ये वाशिष्ठीचे पसरलेले पात्र. या पाण्याखाली कुठे दोन पुरुष पाणी आहे आणि कुठे ओहोटीला वाळू उघडी पडायला आली आहे, हे वरून पाहणाऱ्याला कळत नाही. तांडेलाला मात्र ते कळावे लागते. पहाटे मासळी भरून आलेली होडी तोंडावरच्या वाळूच्या पट्टीबाहेर भरतीची वाट पाहत दोन-तीन तास उभी राहिली, तर बर्फ वितळतो, डिझेल जळते आणि हर्णैच्या लिलावातला भाव निघून जातो. घरी चूल कशी पेटणार ते या दोन-तीन तासांवर ठरते.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाची एक मागणी कायम असते: गाळ काढा. दाभोळ असो, हर्णै असो, मिरकरवाडा असो, नाटे असो, निवेदनातले शब्दसुद्धा सारखेच. मागणी रास्त आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण आमचे म्हणणे असे की या मागणीत एक शब्द कमी पडतो. तो शब्द म्हणजे ‘किती’. किती गाळ, कुठला, कोणत्या पातळीपर्यंत? हे सांगायचे तर आधी पाण्याची खोली मोजावी लागते. आमच्या बैठकांतून ड्रेजर कधी येणार याची चौकशी होते, मोजणी कधी होणार याची सहसा होत नाही.

खोली मोजणे ही काही इंग्रजांनी शिकवलेली विद्या नव्हे. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले दख्खनचे मोठे बंदर. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात दख्खन पाहून परत निघाला, तेव्हा तो येथूनच जहाजात चढला. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीजांच्या अल्मेडाने हे शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. हज यात्रेकरूंची जहाजे येथून अरबस्तानकडे जात. खाडीकाठच्या शाही मशिदीबद्दल, जिला लोक माँसाहेबांची मशीद किंवा अंडा मशीद म्हणतात, अशी परंपरा सांगितली जाते की विजापूरच्या शाहजादी आयेशाबीबी हजला निघाल्या होत्या, प्रवास पुढे होऊ शकला नाही आणि त्यांनी तो पैसा 1659 च्या सुमारास या मशिदीच्या बांधकामाला लावला. परंपरेचा तपशील बाजूला ठेवला तरी एवढे खरे की त्या काळी जहाज या तोंडातून आत आणायचे आणि बाहेर न्यायचे, तर खाली पाणी किती हे सांगणारा माणूस जहाजावर लागत असे.

त्या माणसाला मुअल्लिम म्हणत. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये जहाजावरच्या माणसांची यादी आहे. तिच्यात नाखुदा आहे, मुअल्लिम आहे आणि आपला तांडेलही आहे. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक, आणि समुद्रावर मुअल्लिम म्हणजे वाट दाखवणारा. आमच्या पेशाला समुद्रावर एवढा मान होता हे वाचून आम्हाला बरे वाटले, हे कबूल करायला हरकत नाही!

मुअल्लिमाचे साधन साधे होते. दोरीला शिशाचे वजन आणि दोरीवर ठरावीक अंतरावर खुणा. वजनाच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. खोलीही कळे आणि तळ कशाचा आहे तेही कळे. मोजमापाचे परिमाण होते माणसाचे हात. दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, त्याला कोकणातला मच्छीमार ‘वाव’ म्हणतो आणि अरब दर्यावर्दी ‘बाअ’ म्हणत. पंधराव्या शतकातला थोर दर्यावर्दी अहमद इब्न माजिद, जो आजच्या रास अल-खैमाजवळच्या जुल्फारचा, त्याच्या ग्रंथात खोली बाअमध्येच येते. इंग्रजांचे ‘फॅदम’ तेच, सहा फूट, म्हणजे सुमारे 1.83 मीटर. कोकणी तांडेल, अरब मुअल्लिम आणि इंग्रज कप्तान, तिघांनीही समुद्र आपल्या छातीच्या रुंदीनेच मोजला.

नकाशांचे काम सरकारी पातळीवर पद्धतशीर चालू झाले ते 1874 मध्ये कोलकात्याला सागरी सर्वेक्षण खाते निघाल्यापासून. 1954 मध्ये हे खाते देहरादूनला गेले आणि आज नौदलाचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तेथेच आहे. समुद्राचे नकाशे डोंगरात तयार होतात याची मुलांना फार गंमत वाटते. मात्र हे नकाशे मोठ्या जहाजांसाठी असतात. लहान बंदरांची आणि खाड्यांची देखभाल महाराष्ट्रात 1996 च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे.

चंद्र, भरती आणि शून्य

आता खोली मोजण्यातली खरी अडचण. समजा, सकाळी 9 वाजता जेटीपासून शंभर मीटरवर दोरी टाकली आणि खोली 4.2 मीटर भरली. दुपारी 3 वाजता त्याच जागी ती 2.3 मीटर भरेल. दोन्ही माणसे खरे बोलत आहेत, तळही हललेला नाही. हलले ते पाणी. त्यामुळे ‘इथे चार मीटर पाणी आहे’ या वाक्याला वेळ सांगितल्याशिवाय काही अर्थ नसतो.

आपल्या वाचकांना हे समजणे सोपे जावे, कारण आपले महिने चंद्राचे आहेत. चांदरात आणि चौदावीचा चंद्र, या दिवसांच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवस मागाहून, उधाण असते. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. हिजरी महिन्याच्या सातव्या-आठव्या आणि बाविसाव्या तारखेच्या सुमारास भांग असते, म्हणजे पाणी चढते कमी आणि उतरतेही कमी. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे. मुंबईकडचे कोळी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा वाजता. प्रत्येक बंदरात थोडा फरक पडतो, पण घड्याळ नसलेल्या माणसाचा हा हिशेब काय कमी आहे?

मात्र ड्रेजिंगच्या हिशेबाला पाऊणपट पुरत नाही. तेथे पाण्याची पातळी प्रत्यक्ष मोजत राहावे लागते. आमच्या नववीच्या मुलांना हे पुस्तकातून पटेना, म्हणून आम्ही त्यांना जेटीवर नेले. एका बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा ओढला, तो खांबाला घट्ट बांधला आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायला लावला. पहिल्या तासात पाणी जेमतेम उतरले. मुले कंटाळली. मधल्या तासात ते अर्ध्या मीटरने खाली गेले, तेव्हा मुलींपैकी एकीने विचारले, “सर, मग त्या तासात मोजणी करणाऱ्याने काय करायचे? त्याची पट्टी तर सारखी हलतेय.”

प्रश्न अगदी मर्माचा होता. उत्तर असे की मोजणी करणारे आधी एक शून्य ठरवतात. वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून आणि चंद्र-सूर्याच्या गणितावरून, ओहोटीचे पाणी नेहमीच्या हवामानात ज्याच्या खाली सहसा जात नाही अशी नीच पातळी काढतात. तिला डेटम म्हणतात. किनाऱ्यावरच्या पक्क्या दगडावर खूण करून तिच्यापासून हे शून्य किती खाली ते लिहून ठेवतात. मग होडीवर खोली मोजली जात असताना दुसरा माणूस जेटीवरच्या मोजपट्टीवर शून्याच्या वर पाणी किती ते वेळेसह लिहितो. वरच्या उदाहरणात सकाळी 9 वाजता पाणी शून्याच्या 2.1 मीटर वर असेल, तर 4.2 मधून 2.1 वजा. नकाशावर आकडा येईल 2.1. दुपारी 3 वाजता पाणी शून्याच्या 0.2 वर, तर 2.3 मधून 0.2 वजा. पुन्हा 2.1. आता दोघांचे एक झाले.

आमच्या ओळखीचे एक वयस्क तांडेल चाचा तेथे जाळे शिवत बसले होते. मुलांची वजाबाकी ऐकून म्हणाले, “मास्तर, आमी ते शून्य डोक्यात धरूनच बोलतो. आमी दीड वाव बोललो की ते ओहोटीचंच समजायचं.” चाचांचे शून्य त्यांच्याबरोबर जाईल, आणि कागदावरचे मागे राहील, एवढाच फरक.

यंत्र काय ऐकते

हल्ली दोरीऐवजी एको साउंडर वापरतात. होडीच्या बुडाशी बसवलेला डबा पाण्यात आवाज सोडतो, तो तळावर आपटून परत येतो आणि जाऊन-येऊन लागलेल्या वेळेवरून खोली निघते. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर. खोली 6 मीटर असेल तर प्रवास 12 मीटरचा, वेळ एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले आठ. बहुतेक ट्रॉलरवर मासे शोधायचे यंत्र असते, तेही याच तत्त्वावर चालते. पण ते भरतीची वजाबाकी करीत नाही, म्हणून त्याचा आकडा निवेदनाला जोडून उपयोग नाही.

दाभोळच्या खाडीची एक खास गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेले पाणी वाशिष्ठीत येते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिलेले हे पाणी वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत आहे. कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात आटतात, वाशिष्ठीत गोडे पाणी वाहत राहते. आवाज खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा जलद जातो. आपल्याकडच्या उबदार पाण्यात हा फरक शेकडा दोन-अडीच भरतो, म्हणजे पाच मीटर खोलीमागे बारा सेंटिमीटरच्या आसपास. तोंडाशी खारे, वर मचूळ, आणि भरती-ओहोटीबरोबर दोन्ही सरकणारे. म्हणून चांगला सर्वेक्षक काम सुरू करण्याआधी लोखंडी पत्रा दोरीने बरोबर दोन मीटर, तीन मीटर खाली सोडून यंत्र तोच आकडा दाखवते का ते पाहतो. ही पाच-दहा मिनिटांची तपासणी होते की नाही, एवढ्यावरून सर्वेक्षक कसा आहे ते ओळखावे.

बारा सेंटिमीटरचे एवढे काय? समजा, वाट 200 मीटर लांब, 30 मीटर रुंद आहे आणि सरासरी 80 सेंटिमीटर गाळ काढायचा आहे. म्हणजे 4,800 घनमीटर. मोजणीत फक्त दहा सेंटिमीटरची चूक झाली तर 600 घनमीटरचा फरक. सहा घनमीटरचा एक डंपर धरला तर शंभर डंपर. ते शंभर डंपर एक तर न काढता बिलात येतील, नाहीतर काढायचे राहून होडी पुन्हा घासेल.

दुसरी मेख चिखलाची. पुरानंतर खाडीच्या तळावर दाट ताकासारखा पातळ चिखल बसतो. उंच पट्टीचा आवाज त्याच्या वरच्या थरावरूनच परततो. खालच्या पट्टीचा आवाज त्यातून आरपार जाऊन खालच्या घट्ट तळावर आपटतो. दोन्ही आवाज वापरले तर दोन आकडे मिळतात आणि मधला थर कळतो. लहान होडी अशा पातळ थरातून बऱ्याचदा निघून जाते. पंप लावून तो उपसला तर बहुतांश पाणीच उपसले जाते. म्हणून आमच्या मते दोन्ही आकडे मागावेत, एकावर समाधान मानू नये.

वाळूला भाव, चिखलाला नाही

गाळ येतो कोठून? वाशिष्ठी आणि तिला मिळणारी खेडची जगबुडी, या दोघी सह्याद्रीची माती घेऊन येतात. 22 जुलै 2021 च्या महापुराने चिपळूण बुडाले. त्यानंतर चिपळूणकरांनी आंदोलन केले आणि वाशिष्ठी व शिव नदीतला गाळ काढण्याचे काम झाले. नदीतला जो गाळ काढून दूर नेला जात नाही, तो पुढच्या पावसात खाली खाडीकडेच येतो. वरच्या गावाचा गाळ आणि खालच्या गावाचा गाळ असे दोन हिशेब नदीला माहीत नसतात. 2016 च्या कायद्याने दाभोळ खाडी-वाशिष्ठी हा 45 किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28 म्हणून जाहीर झाला. पण मार्ग कागदावर जाहीर होतो आणि पाण्यात राखावा लागतो.

समुद्राच्या बाजूने वाळू येते. पावसाळ्यातल्या लाटा तोंडावर वाळूची पट्टी रचतात. हे फक्त गरिबांच्या होड्यांचे दुखणे नाही. अंजनवेलच्या बाजूला उघड्या समुद्रावर द्रवरूप वायूचे टर्मिनल आहे. त्याला सुमारे बारा मीटर पाणी लागणारी जहाजे यायची. पहिले जहाज जानेवारी 2013 मध्ये आले, पण लाटा अडवणारी भिंत पुरी नसल्यामुळे नंतरही कित्येक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लागू शकत नव्हते. कोट्यवधींच्या प्रकल्पालाही समुद्राच्या वेळापत्रकानेच चालावे लागले.

आता थोडे नाजूक बोलू. खाडीतल्या वाळूला बाजारात भाव आहे, चिखलाला नाही. हातपाटीने असो वा सक्शन पंपाने, वाळू तेथून उचलली जाते जेथे ती चांगली आणि सोपी मिळते. होडी जेथे घासते तेथे ती नेमकी असतेच असे नाही. परवानगी मात्र पुष्कळदा नौकानयनाचा मार्ग मोकळा करण्याच्या नावाने असते. काठाजवळ खोल खड्डे पडले की काठ ढासळतो, विहिरीत खारे पाणी शिरायची भीती असते, आणि ज्या पट्ट्यात बायका ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे वेचतात तो पट्टा जातो. आम्ही हातपाटीवाल्यांच्या पोटावर बोट ठेवत नाही. त्यांच्यातही आमचेच लोक आहेत. पण मोजणीचा नकाशा हातात असेल तर कोठे काढले आणि कोठे काढायला हवे होते, हे शेजारी-शेजारी दिसते. त्या नकाशावर तिसऱ्यांचे पट्टे आणि कांदळवनही दाखवलेले असावे. लोटे परशुरामच्या कारखान्यांमुळे खाडीत मासे मरतात ही तक्रार जुनी आहे, तेव्हा उपसलेल्या चिखलाची रासायनिक तपासणी होऊन मगच तो कोठे टाकायचा ते ठरावे. तोंडाच्या जवळच टाकला तर भरती तो परत आणून देईल, हे वेगळेच.

बिलाचा प्रश्नही मोजणीनेच सुटतो. उपसलेला गाळ पाण्यासह बार्जमध्ये पडतो, फुगतो. बार्जच्या फेऱ्या मोजून पैसे दिले तर पाण्याचेही पैसे जातात. रास्त पद्धत अशी की काम सुरू होण्याआधी तळ मोजायचा, काम संपताच पुन्हा मोजायचा, दोन्ही एकाच शून्यावर आणि शक्यतो ठेकेदाराशी संबंध नसलेल्या माणसाने. दोन तळांमधली वजाबाकी तेवढेच काम. माप-तोलात मारणाऱ्यांविषयी कुरआन शरीफमध्ये ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची अख्खी सूरह आहे. आपण ती तराजू आणि दुकानदारापुरती समजतो. सार्वजनिक पैशाने काढलेला चिखल हेही मापच आहे, आणि अमानतही.

मोजणीची वेळ ठरलेली असावी. एक पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पुराने काय आणून टाकले ते कळते. दुसरी मे महिन्यात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंतची मासेमारी बंदी लागण्याआधी. लागोपाठ तीन-चार वर्षांचे असे नकाशे जमले की वर्षाला किती सेंटिमीटर भरते ते निघते, आणि एकदा काढलेला गाळ किती वर्षांनी परत काढावा लागेल तेही. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून चालू आहे. गुहागरला जाणारा माणूस आणि त्याची गाडी चिपळूणचा वळसा टाळतात तो तिच्यामुळे. तिच्या वाटेची अशी ओळीने मोजणी ठेवणे हे तर गावाच्या रोजच्या गरजेचे काम आहे.

हे नकाशे मच्छीमार सोसायटीच्या सभासदाला, ग्रामपंचायतीच्या सदस्याला किंवा कोणाही नागरिकाला 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली स्वतःच्या नावाने अर्ज करून मागता येतात. अर्ज मराठीत चालतो. शाळेत भूगोल-गणित शिकलेली घरातली मुलगीसुद्धा तो नकाशा वाचून दाखवू शकेल. हाती आला की आधी खालच्या कोपऱ्यात पाहावे: मोजणीची तारीख कोणती, शून्य कोणते धरले, भरतीची मोजपट्टी कोणत्या जेटीवर होती. तारीख एप्रिलची असेल आणि काम नोव्हेंबरमध्ये निघत असेल, तर मधला पावसाळा त्या नकाशात नाही. तेव्हा नवी मोजणी मागावी, आणि मग ड्रेजरची तारीख.